मिशनऱ्याच्या घरातली मुले

मिशनरी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? डोक्यावर साहेबी टोपी, हातात पुस्तक, तोंडात अडखळती मराठी, आणि आठवड्याच्या बाजारात पारावर उभा राहून उपदेश करणारा एक गोरा माणूस. त्याने काय उपदेश केला, कोणी ऐकला, त्यावरून गावात काय वाद माजले, हे सारे आपण पुष्कळ ऐकले आहे. त्या वादात आज मला शिरायचे नाही. आज मला तुम्हांला त्याच्या बंगल्याच्या पुढच्या दारी न थांबता थेट आत, पाळण्यापाशी न्यायचे आहे. कारण हा माणूस बहुधा एकटा नसे. बरोबर बायको असे, दोन-चार लहान मुले असत. त्या मुलांचे काय होई? परक्या मुलखात, परक्या हवेत, ती कशी वाढत, आणि मुळात वाढत का?

नाशिकपासूनच सुरुवात करू या. अमेरिकेतून आलेला गॉर्डन हॉल हा मराठी मुलखात काम करणारा अगदी पहिल्या फळीतला मिशनरी. १८१३ साली तो मुंबईला पोहोचला, आणि सॅम्युअल न्यूएल त्याच्या मागून आला. न्यूएलची बायको हॅरिएट मात्र मुंबईपर्यंत आलीच नाही. प्रवासात जहाजावरच ती बाळंत झाली, मूल पाच दिवसांत गेले, आणि १८१२ च्या नोव्हेंबरात मॉरिशस बेटावर तीही गेली. वय किती, तर एकोणीस वर्षे! आपल्याकडे बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. इथे माहेर चार महिन्यांच्या समुद्रापलीकडे होते.

हॉलने मुंबईत आल्यावर लग्न केले, मुलेबाळे झाली. पण मुंबईची हवा मुलांना मानवेना. शेवटी १८२५ साली बायको मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली. हॉल कामासाठी मागे राहिला. मुलांचा जीव वाचावा म्हणून केलेला हा प्रवास, आणि त्याच प्रवासात एक मुलगा दगावला. पुढच्याच मार्चमध्ये, म्हणजे १८२६ साली, हॉल फिरत फिरत नाशकात आला. गावात पटकी पेटली होती. माणसे पटापट मरत होती. त्याने जवळची औषधे लोकांना वाटली, काही दिवस राहिला आणि परत मुंबईकडे निघाला. वाटेत एका खेड्यात देवळाच्या ओसरीवर रात्री मुक्काम केला, आणि तिथेच पहाटे त्याला पटकीने गाठले. २० मार्चला काही तासांतच खेळ आटोपला. वय एकेचाळीस. ही बातमी त्याच्या बायकोपर्यंत पोहोचायला कित्येक महिने लागले असणार. तोवर ती माउली नवरा जिवंत आहे असेच समजून पत्रे लिहीत असेल.

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. त्या काळी पटकी कशाने होते हेच कोणाला ठाऊक नव्हते. दूषित हवेने होते, असा समज युरोपातल्या डॉक्टरांचाही होता. ती पाण्यातून पसरते हे लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टराने १८५४ साली दाखवून दिले, आणि पटकीचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८३-८४ मध्ये ओळखला. पटकीत माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. आज गावचा आरोग्यसेवक मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजायला सांगतो, त्यामागचे कारण हेच. पण हे इतके साधे ज्ञान नसल्यामुळे मिशनऱ्याच्या बंगल्यातली आई आणि शेजारच्या वाड्यातली कुणब्याची आई, दोघी सारख्याच हतबल होत्या. फरक एवढाच, की एकीला वाटे, मुलाला इथून दूर पाठवले तर ते जगेल. दुसरीला पाठवायला जागाच नव्हती.

आणि इथेच त्या घरांतला सगळ्यांत अवघड प्रश्न उभा राहतो. मूल जवळ ठेवावे, की जगावे म्हणून दूर पाठवावे?

या प्रश्नाचे सगळ्यांत बोलके उदाहरण नाशिकचेच आहे. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ साली नाशकात ठाणे उघडले. तिथल्या आरंभीच्या मिशनऱ्यांत चार्ल्स फॅरार हे गृहस्थ होते. (अहमदनगरात मुलींच्या शिक्षणाचे मोठे काम करणाऱ्या सिंथिया फॅरार त्या वेगळ्या. त्या अमेरिकन, आणि अविवाहित. नावसाधर्म्यामुळे घोटाळा होतो म्हणून सांगितले.) नाशिकच्या फॅरारबाईंनी मराठी शिकून ‘कुटुंबप्रवर्तननीति’ नावाचे पुस्तकही मराठीत लिहिले. म्हणजे घरसंसार कसा करावा हे त्या आपल्या बायकांना सांगत होत्या. पण त्यांचा स्वतःचा संसार? त्यांचा मुलगा फ्रेडरिक १८३१ साली मुंबईत, कोटात जन्मला. तीन वर्षांचा झाला, आणि मोठ्या भावाबरोबर त्याला इंग्लंडला, दोन अविवाहित आत्या-मावश्यांच्या घरी पाठवून दिले. तीन वर्षांचा! आपल्या बालवाडीतसुद्धा हे मूल कोपऱ्यात बसून आईच्या नावाने रडेल. काही वर्षांनी आईबाप रजेवर गेले. इंग्लंड-आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन या बेटावर बिऱ्हाड केले, आणि मुले तिथल्या शाळेत घरून जाऊ लागली. रजा संपली. आईबाप पुन्हा हिंदुस्थानात, मुले वसतिगृहात.

हा फ्रेडरिक पुढे मोठा शिक्षक आणि धर्मगुरू झाला. कँटरबरीच्या प्रसिद्ध चर्चचा डीन होता. पण शिक्षकांनी लक्षात ठेवावे असे त्याचे काम म्हणजे १८५८ साली प्रसिद्ध झालेली ‘एरिक’ ही शाळकरी मुलाची कादंबरी. तिच्यातला नायक कोण? आईबाप हिंदुस्थानात, आणि आपण इंग्लंडात नातेवाइकांकडे वाढतो आहे, असा एक मुलगा. आईबाप रजेवर येतात, बेटावर घर करतात, पुन्हा जातात, आणि मुलगा शाळेत हळूहळू वाईट मार्गाला लागतो. लेखक मात्र स्वतः तसा बिघडला नाही. पण ज्या पोकळीत मूल बिघडू शकते, ती त्याने आतून पाहिली होती, हे उघड आहे. पुस्तक उपदेशाने फार ओथंबलेले आहे, आज वाचवत नाही. तरी इंग्लंडात ते अनेक वर्षे घरोघर वाचले गेले. नाशिकच्या एका बंगल्यातला निर्णय असा इंग्रजी बालसाहित्यात जाऊन बसला.

आता रोजचे जीवन पाहू. बंगला म्हणजे जाड भिंतींचा, रुंद ओसरीचा, उंच छपराचा. सकाळ लवकर उजाडे, कारण दहानंतर ऊन सोसत नसे. नवरा शाळेत, छापखान्यात, नाहीतर घोड्यावरून खेड्यांत. बायकोच्या वाट्याला दुहेरी काम. घरची व्यवस्था, मुलांचा अभ्यास, आणि शिवाय ओसरीवर भरणारी मुलींची शाळा. मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट यांनी १८२९ मध्ये आल्यावर मराठी शिकून लगोलग मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ साली त्या वारल्या तेव्हा त्यांचा मुलगा अँड्र्यू अवघा चार वर्षांचा होता. तोही शिक्षणासाठी स्कॉटलंडला गेला. पुढे तो मुंबईला परतला तो वर्तमानपत्राचा संपादक म्हणून. हिमालयातल्या आपल्या प्रवासावर त्याने लिहिलेले पुस्तक गाजले.

आई शाळेत, बाप दौऱ्यावर, मग मुले कोणाजवळ? आयाजवळ, माळ्याच्या पोरांत, गाडीवानाच्या मांडीवर. त्यामुळे व्हायचे ते झाले. लहानग्यांच्या तोंडी आधी मराठी येई आणि मागून इंग्रजी. आईबापांनी पंडित ठेवून, व्याकरण घोकून जी भाषा कष्टाने मिळवायची, ती पोरे अंगणात खेळता खेळता उचलत. आपल्या शाळेत भिल्ल किंवा कोकणा मुलांना शिकवणाऱ्या गुरुजींना हे चांगले ठाऊक आहे. भाषा फळ्यापेक्षा अंगणात लवकर येते. पण आईबापांना याचा आनंद आणि धास्ती एकदमच वाटे. मूल आपले राहील ना? उद्या ‘घरी’ गेल्यावर त्याला ते घर आपले वाटेल ना?

तसे ते सगळ्यांना वाटले नाही, याचा पुरावा अहमदनगरचे ह्यूम घराणे. रॉबर्ट ह्यूमचा जन्म १८४७ साली मुंबईचा. सात वर्षांचा असताना सगळे कुटुंब अमेरिकेला निघाले. वडील आजारी होते, ते वाटेत समुद्रातच वारले. आईने एकटीने मुले वाढवली, शिकवली. आणि हा रॉबर्ट १८७४ साली काय करतो? उलट्या दिशेने जहाजात बसतो आणि अहमदनगरला येतो! पुढे जवळजवळ सारे आयुष्य त्याने इथे काढले. त्याची दुसरी पत्नी केटी हीदेखील नगर जिल्ह्यात काम करणाऱ्या फेअरबँक या मिशनऱ्याचीच मुलगी. त्याची मुलगी रूथ डॉक्टर होऊन नगरला बायकांच्या दवाखान्यात आली. पुतण्या रॉबर्ट अर्नेस्ट याने तर तेरा उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले, ते १९२१ साली निघाले. म्हणजे ज्या मुलखाला आईबाप परदेश म्हणत होते, तो मुलांना माहेर वाटू लागला होता. ह्यूमसाहेब, नारायण वामन टिळक आणि त्या वेळचे नगर यांचे घरगुती चित्र कोणाला पाहायचे असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शाळेच्या कपाटातून काढून वाचावीत. त्या आपल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन गोष्टींनी ही कोंडी थोडी सैल झाली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, आणि महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला. दुसरी गोष्ट, थंड हवेच्या ठिकाणी शाळा निघाल्या. मसुरीजवळ लंढोरला वुडस्टॉक ही शाळा १८५४ पासून होती. दक्षिणेत कोडाईकनालला १९०१ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्या मुलांसाठी शाळा काढली. आता मूल समुद्रापार न जाता डोंगरावर जाऊ लागले, आणि सुटीत आईला भेटू लागले. दोन्ही शाळा आजही चालू आहेत, पण आता तिथे सर्व प्रकारची मुले शिकतात.

अशा मुलांचा शास्त्रीय अभ्यास व्हायला मात्र विसावे शतक अर्धे सरावे लागले. रूथ हिल यूसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाई १९५० च्या दशकात भारतात होत्या. इथे राहणाऱ्या परदेशी कुटुंबांकडे पाहून त्यांनी एक शब्द रूढ केला, ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’. आईबापांची संस्कृती पहिली, राहत्या मुलखाची दुसरी, आणि या दोहोंच्या सांध्यावर मुले स्वतःची जी तयार करतात ती तिसरी. ही मुले कुठेही चटकन मिसळतात, पण ‘तुझे गाव कोणते?’ या साध्या प्रश्नाला अडखळतात.

गुरुजी, हा प्रश्न तुमच्या वर्गातही आहे. दिवाळीच्या सुमाराला आईबाप ऊसतोडीला जातात. मूल बरोबर नेले तर वर्षभराची शाळा बुडते, आणि मागे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवले तर ते आईवाचून राहते. मिशनरी स्वेच्छेने गेला होता, ऊसतोडणी कामगार पोटासाठी जातो, हा फरक मोठा आहे आणि तो विसरता कामा नये. पण रात्री दिवा मालवल्यावर त्या मुलाला काय वाटत असेल, ते फ्रेडरिक फॅरारला कळले असते.

आता या कथेची दुसरी बाजू, आणि ती नाशिककरांना फारशी ठाऊक नाही. नाशिकहूनही मिशनरी परदेशी गेले. शरणपूर रस्त्यावरून आपण रोज जातो. ते शरणपूर १८५४ साली विल्यम प्राइस या मिशनऱ्याने वसवले. इंग्रजांच्या आरमाराने अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडली की त्यांतली सुटका झालेली आफ्रिकन पोरे मुंबईला आणत, आणि त्यांतल्या पुष्कळांना शरणपूरला ठेवत. इथे त्यांना वाचन-लेखन आणि सुतारकी-लोहारकी यांसारखे धंदे शिकवत. १८६६ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या मोठ्या सफरीवर निघाला तेव्हा नाशिकचे नऊ तरुण त्याच्याबरोबर होते. १८७४ साली त्याचा मृतदेह इंग्लंडला पोहोचवणारा जेकब वेनराइट हाही नाशिकचा विद्यार्थी.

पण आपला विषय कुटुंबाचा. १८६४ साली विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे शरणपूरचे दोन तरुण आपापल्या बायकांसह मोंबासाजवळच्या राबाई गावी मिशनचे काम करायला गेले. पुढे १८७५ च्या सुमारास, प्राइससाहेबाने मोंबासाला फ्रीअरटाउन वसवले तेव्हा, आणखी पुष्कळ जोडपी इथून गेली. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. जरा विचार करा. लहानपणी आईच्या कुशीतून ओढून नेलेली ही माणसे गोदाकाठी वाढली, इथेच लग्ने झाली, आणि मग ‘मायदेशी’ परतली. पण तो मायदेश त्यांना परका झाला होता. तिथल्या लोकांना यांचे कपडे, यांची बोली, यांचे वागणे निराळे वाटे. आपली मुले त्यांनी तिथे वाढवली. गोऱ्या मिशनऱ्यासारखी ती मुले दूर पाठवायला त्यांच्याजवळ ना पैसा होता, ना इंग्लंडात कोणी आत्या. मूल जवळ ठेवावे की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नाही.

जोन्स पुढे १८८५ साली पाद्री झाला. राबाईला मालकांच्या जाचाला कंटाळून पळून आलेल्या गुलामांना त्याच्या ठाण्यात आसरा मिळे. त्यांत बायका असत, कडेवर पोरे असत. लहानपणी स्वतः गलबतातून सुटलेला हा माणूस त्यांना दारातून परत कसा पाठवणार? १८८९ च्या आरंभी इंग्रज कंपनीने मालकांना भरपाई दिली, तेव्हा त्या पळून आलेल्यांपैकी शेकडो जणांना मुक्ततेचे कागद मिळाले.