कोवळ्या ज्वारीतील विष

सोलापूर जिल्ह्यात ज्वारीचा कडबा हा गुराढोरांचा मुख्य आधार होय. मोहोळ येथील संशोधन केंद्रात निवडून काढलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी तर धान्याइतकीच कडब्यासाठीही शेतकऱ्यांस प्रिय आहे. परंतु हेच पीक कोवळेपणी जनावरांस मारक ठरते. दावे तोडून धडधाकट बैल ज्वारीत शिरतो आणि धनी पोहोचेतो आडवा पडतो, तेव्हा सर्पदंशाचा संशय येतो. खरे कारण मात्र पुष्कळदा त्या पानांतच असते.

इ. स. १९०२ मध्ये डन्स्टन व हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी कोवळ्या ज्वारीतून एक द्रव्य वेगळे काढले. अरबी भाषेतील ज्वारीच्या नावावरून त्यास 'धुरीन' हे नाव पडले. त्याच्या एका रेणूत कार्बनचे १४, हायड्रोजनचे १७, ऑक्सिजनचे ७ व नत्राचा अवघा १ अणू असतो. धुरीन व त्यास फोडणारे विकर पानात निरनिराळ्या जागी असतात. जनावराने पान चावले म्हणजे दोहोंची गाठ पडते, आणि त्या एका नत्राणूसह हायड्रोसायनिक आम्ल मोकळे होते. या विषामुळे रक्तातील प्राणवायू शरीरास वापरता येत नाही. म्हणून रक्त लालभडक असूनही जनावर गुदमरते.

गुडघाभर पीक, पाण्याच्या ताणाने खुरटलेले पीक, ताणानंतरच्या पावसाने आलेले फुटवे आणि काढणीनंतर खोडव्यास फुटणारे कोंब, ही चार ठिकाणे विशेष धोक्याची होत. नत्रखताची मात्रा अधिक झाल्यासही धुरीन वाढते. तेव्हा युरिया दिलेल्या वैरणीविषयी दुप्पट सावध असावे.

उपाय सोपा आहे. पीक फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी ज्वारी चारू नये, व उपाशी जनावर तर तिच्याजवळही नेऊ नये. कापलेली वैरण चांगली वाळविल्यास आम्ल बहुतेक उडून जाते. म्हणूनच वाळलेल्या कडब्यापासून हे भय नसते. चरताच जनावरास धाप लागली, तोंडास फेस आला, अंग थरथरू लागले, तर तत्काळ पशुवैद्यास बोलवावे. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून वेळीच दिल्यास जीव वाचू शकतो. मात्र येथे घटकांचाही विलंब परवडत नाही. यास्तव पशुवैद्याच्या धावपळीपेक्षा बांधावरील राखण बरी, असे आमचे आमच्या वाचकांस आग्रहाचे सांगणे आहे.