जुनी चांदी विकताना

ठाकुरवाडीच्या एका आजीने पावसाळ्याच्या तोंडावर पायातले वाळे काढले, फडक्यात बांधले आणि कर्जतच्या बाजाराची वाट धरली. नातवाच्या कॉलेजची फी भरायला दोन दिवस उरले होते. नातू आमचा जुना विद्यार्थी. "गुरुजी, तुम्ही नुसतं सोबत चला, सोनार काय बोलतो ते मला उमगत नाही," असे आजी म्हणाल्या, म्हणून आम्ही गेलो. खरे तर आम्हालाही फारसे उमगत नव्हते. अम्मीची चांदी घरात आहे, पण ती विकायची वेळ कधी आली नव्हती.

दुकानदाराने वाळे काट्यावर ठेवले. ३१० ग्रॅम. मग कसोटीच्या दगडावर घासून म्हणाला, "साठ टंच. मळ, जोड यांची घट दहा ग्रॅम." आणि कॅल्क्युलेटरवरचा आकडा आमच्याकडे फिरवला. टंच म्हणजे शंभर भागांत शुद्ध चांदी किती, एवढे आम्हाला ठाऊक होते. साठच का, हे विचारल्यावर उत्तर आले, "जुना माल असाच असतो." आजी आकड्याकडे नाही, आमच्या तोंडाकडे पाहत होत्या. आम्ही वाळे परत मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी लोकल धरून कल्याणला गेलो. तिथे यंत्रावर तपासणी होते. क्ष-किरणांचे यंत्र वरच्या थराचेच मोजते, म्हणून आधी एका कोपऱ्यात जरा घासून घ्यायला सांगितले. टंच निघाला ७८, आणि घट कोणी काढली नाही. हिशेब सोपा जावा म्हणून शुद्ध चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरू. पहिल्या दुकानात ३०० ग्रॅमचे साठ टक्के म्हणजे १८० ग्रॅम, त्यावर भाव चार टक्के कमी, म्हणजे १७,२८० रुपये. दुसरीकडे ३१० ग्रॅमचे ७८ टक्के म्हणजे जवळपास २४२ ग्रॅम, भावात दोन टक्के कपात, सुमारे २३,७०० रुपये. खरा भाव याहून बराच जास्त होता. २०२५ च्या अखेरीस तर चांदी किलोला दोन लाखांच्या वर गेली. म्हणजे प्रत्यक्षातला फरकही तेवढाच वाढतो.

भावातली दोन-चार टक्के कपात आम्हाला खटकत नाही. दुकानदार आज रोख देतो आणि माल साठवून गलाईला पाठवतो. मधल्या दिवसांत भाव पडला तर तोटा त्याचा. गलाईच्या धंद्यात तर आपल्याच महाराष्ट्राची माणसे देशभर आहेत. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या लोक बाहेर पडले आणि परराज्यांतल्या सराफ बाजारांत सोने-चांदी गाळू लागले. जुना माल मुशीत वितळवायचा, चांदी तेजाबात विरघळवायची, तांब्याच्या साहाय्याने ती पुन्हा खाली बसवायची आणि शुद्ध चांदीची वीट पाडायची. सराफाच्या दुकानातली झाडलोटीची धूळसुद्धा विकली जाते, कारण तिच्यातही कण असतात. मळाची घट म्हणून आपल्याकडून दहा ग्रॅम कापणाऱ्यांनी ही धूळ आठवावी.

खरी कमाई दिसत नाही ती अदलाबदलीत. "जुनी द्या, नवी घ्या, वर थोडेच भरा." समजा, नवे पैंजण २०० ग्रॅमचे, ८० टंच. त्यात शुद्ध चांदी १६० ग्रॅम. पण अनेक दुकानांत पूर्ण २०० ग्रॅमला चांदीचाच भाव लागतो, म्हणजे २०,००० रुपये. ग्रॅमला १५ रुपये मजुरी धरली तर ३,००० रुपये वर, आणि जीएसटी वेगळा. तेच पैंजण उद्या परत नेले, तर मोजतात १६० ग्रॅम, म्हणजे साधारण १५,००० रुपये. घेताना तांबेही चांदीच्या भावाने घेतलेले असते. आणि "थोडेच भरा" या एका आकड्यात टंच, घट, मजुरी, भाव सगळे मिसळून जाते.

इथे एक हदीस आठवते, बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. हजरत बिलाल (रजि.) यांनी हलक्या खजुराची दोन मापे देऊन उत्तम खजुराचे एक माप आणले. प्रेषित (स.) यांनी याला साक्षात व्याज म्हटले आणि सांगितले की आधी आपला खजूर विका, मग त्या पैशातून दुसरा घ्या. सोन्याला सोने आणि चांदीला चांदी देतानाही समान वजन आणि हातोहात व्यवहार हाच नियम आहे, आणि बहुसंख्य उलेमांच्या मते मजुरीसाठीही वजन वाढवता येत नाही. आम्ही वर्गात हे शिकलो होतो, पण याचा बाजारातला उपयोग त्या दिवशी कळला. विक्री आणि खरेदी वेगळी केली की प्रत्येकाची पावती वेगळी होते, आणि लपायला जागा राहत नाही.

पावतीवर वजन, टंच, भाव हे तीन आकडे लिहूनच घ्यावेत. घरातला जुना दागिना विकताना आपल्याकडून जीएसटी कापायचा नसतो. सरकारने २०१७ मध्येच हा खुलासा केला आहे. नवी चांदी घेताना हॉलमार्क मागावा. चांदीला तो सोन्यासारखा सक्तीचा नाही, पण १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवरही सहा अक्षरांचा क्रमांक येऊ लागला आहे आणि बीआयएस केअर या अ‍ॅपवर तो पडताळता येतो. राणी व्हिक्टोरिया ते पंचम जॉर्ज यांच्या काळातले रुपये असतील तर ते मोडीच्या भावात टाकू नयेत. ते ११.६६ ग्रॅमचे, म्हणजे बरोबर एक तोळ्याचे, आणि जवळपास ९२ टंच आहेत. १९४० ते ४५ च्या रुपयांत मात्र निम्मीच चांदी आहे, आणि १९४७ पासूनचे निकेलचे.

आजींच्या गळ्यातल्या माळेत असे पाच रुपये होते, व्हिक्टोरिया राणीचे. कल्याणच्या माणसाने सहज विचारले, "हेही द्यायचेत का?" आजींनी माळ पदराआड केली. फी वाळ्यांतच भागली होती.