तोतया विक्रेता आणि निबंधकाचा अधिकार

वीसेक वर्षांपूर्वी मी एका जिल्ह्यात कार्यरत असताना तक्रारनिवारणाच्या दिवशी एक वृद्ध बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. दिवंगत पतीच्या भविष्यनिर्वाह निधीतून घेतलेला शहराबाहेरचा एक भूखंड, एवढीच त्यांची मालमत्ता. तो त्यांनी कधीही विकला नव्हता. निबंधकाच्या दप्तरी मात्र तो त्यांनीच विकलेला होता. खरेदीखतावर नाव त्यांचे आणि पत्ताही त्यांचाच; छायाचित्र व अंगठ्याचा ठसा मात्र दुसऱ्याच एका स्त्रीचा. मी दुय्यम निबंधकाला बोलावून घेतले. त्याचे उत्तर कायद्याला धरून होते : दस्त नोंदवण्याचा अधिकार मला आहे, नोंदवलेला दस्त रद्द करण्याचा नाही, बाईंनी दिवाणी न्यायालयात जावे.

नोंदणी अधिनियम, 1908 ची घडणच तशी आहे. कलम 35 नुसार निबंधकाने समोर आलेली व्यक्ती तीच आहे ना, याची खातरजमा करायची; ती व्यक्ती खरोखर मालक आहे का, हे तपासायचे नाही. कलम 82 अन्वये तोतयेगिरीला सात वर्षांपर्यंत कारावास आहे. 2001 मध्ये कलम 32-अ घालून छायाचित्र आणि बोटांचे ठसे सक्तीचे झाले. पण ठसा घेणे आणि तो मूळ मालकाच्या ठशाशी ताडून पाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट त्या काळी कोणी करीत नसे. ओळख पटवायला आणलेले दोन साक्षीदार पुष्कळदा कचेरीच्या आवारातलेच असत, हे तिथे वावरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

ही कोंडी फोडण्याचा सर्वांत धीट प्रयत्न तामिळनाडूने केला. दस्तनोंदणी हा समवर्ती सूचीतला विषय असल्याने राज्याने केंद्रीय कायद्यातच दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती मिळवली आणि 16 ऑगस्ट 2022 पासून ती अमलात आणली. नव्या कलम 22-ब ने बनावट दस्त नाकारण्याचा अधिकार दिला. कलम 77-अ ने जिल्हा निबंधकाला, तक्रारीवरून किंवा स्वतःहून, संबंधितांना नोटीस देऊन नोंदलेला दस्त रद्द करण्याची मुभा दिली. त्यावर नोंदणी महानिरीक्षकांकडे अपील ठेवले. शेजारच्या कर्नाटकानेही याच वाटेने जाण्याचे ठरवले.

2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कलम 77-अ घटनाबाह्य ठरवले. नोंदलेला दस्त रद्द करणे हे निबंधकाचे काम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने सत्यपाल आनंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात 2016 मध्येच म्हटले होते. तेव्हा तर राज्याची अशी दुरुस्तीही नव्हती. पुढे एप्रिल 2025 मध्ये, विक्रेत्याने आधीचा मूळ दस्त दाखवल्याशिवाय नोंदणी न करण्याचा तामिळनाडूचा नियम 55-अ सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मालकीहक्क तपासणे हे निबंधकाचे कामच नाही, हे सूत्र त्यामागेही होते.

माझ्या मते 77-अ बुडाले ते स्वतःच्या अतिव्याप्तीमुळे. त्याला कालमर्यादा नव्हती, त्यामुळे दशकांपूर्वीच्या दस्तांवरही तक्रारी येऊ लागल्या. भाऊबंदकीचे दावे बनावटीचे वेष्टन चढवून निबंधकापुढे मांडता येऊ लागले. साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचे शिक्षण नसलेल्या अधिकाऱ्याने, राजकीय दडपणाखाली, कोट्यवधींच्या जमिनीचा निकाल चार सुनावण्यांत द्यावा, ही कल्पना मी स्वतः त्या खुर्चीजवळ बसलेलो असल्याने मला भयावह वाटते.

न्यायालयाची वाट किती लांब असते, याची साक्ष इतिहासात आहे. दार्जिलिंगला 1909 मध्ये मरण पावल्याचे मानले गेलेले भवालचे मधले कुमार बारा वर्षांनी संन्यासी वेषात ढाक्यात प्रकटले. ते खरे की तोतया, हे ठरवणारा दावा 1930 मध्ये दाखल झाला. सुमारे दीड हजार साक्षीदार तपासले गेले आणि अंतिम निकाल प्रिव्ही कौन्सिलने 1946 च्या जुलैमध्ये त्यांच्या बाजूने दिला. त्यानंतर काही दिवसांतच ते वारले. जमीनदाराला सोळा वर्षे परवडली. शिक्षिकेला परवडत नाहीत.

परंतु शिक्षिकेचा प्रश्न भवालसारखा गुंतागुंतीचा नव्हताच. खरेदीखतावरचा ठसा त्यांच्या बोटाचा आहे की नाही, एवढेच पाहायचे होते. हा मालकीहक्काचा वाद नव्हे. निबंधकाने कलम 35 खाली जी खातरजमा स्वतःच्या मेजावर केली, ती चुकली की काय, एवढाच तो प्रश्न. राज्यांनी नवा कायदा करायचा तर तो एवढ्यापुरताच करावा. ठसा जुळत नाही असा तज्ज्ञाचा अहवाल आला की निबंधकाने दस्त रद्द न करता सूचीत तशी ठळक नोंद घ्यावी. न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत त्या मिळकतीचा पुढचा व्यवहार नोंदवू नये. आणि तक्रारदाराने ठरावीक मुदतीत दावा लावला नाही, तर नोंद आपोआप उठावी. यात निवाडा कोणाचाच होत नाही, पुढचा खरेदीदार मात्र सावध होतो. मृत्युनोंदवही नोंदणी कचेरीच्या संगणकाशी जोडण्याचे काम तर कायद्याविनाही होण्यासारखे आहे. मृतांच्या नावाने सह्या करणारे विक्रेते त्यानेच निम्मे अडतील, असा माझा अंदाज.

शिक्षिकाबाईंनी दावा लावला. पोलिसांनी तोतया बाईला पकडले, ती जामिनावर सुटली. दरम्यान भूखंड आणखी दोनदा विकला गेला होता. मी जिल्हा सोडताना तिथे घराचा पाया खणला जात होता. तो खणणारा तिसरा खरेदीदार, बँकेचे कर्ज काढून आलेला, मला भेटायला आला होता. दस्तांचा शोध घेतला तेव्हा सारे स्वच्छ होते, असे तो सांगत होता, आणि ते खरेच होते.