ओपनजीएल ते व्हल्कन: एका खुल्या मानकाचा प्रवास

सिलिकॉन ग्राफिक्सनं 1992 मध्ये ओपनजीएल हे ग्राफिक्सचं एपीआय (प्रोग्राम आणि ग्राफिक्स चिप यांच्यातला दुवा) आणलं, तेव्हा महागड्या ग्राफिक्स वर्कस्टेशनच्या बाजारात याच कंपनीचा दबदबा होता. आपलं मालकीचं आयरिस जीएल तिनं नव्यानं बांधून सगळ्यांसाठी खुलं केलं आणि नियम ठरवायला एक मंडळ नेमलं. त्यात आयबीएम, इंटेल यांच्या जोडीला मायक्रोसॉफ्टही होती. याच मायक्रोसॉफ्टनं 1995 मध्ये रेंडरमॉर्फिक्स ही छोटी ब्रिटिश कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी विंडोजपुरतं डायरेक्टथ्रीडी काढलं.

ते सुरुवातीला फारच किचकट होतं. साधे त्रिकोण काढायचे तरी आधी ‘एक्झिक्यूट बफर’ भरायचे. क्वेक या खेळाचा प्रोग्रामर जॉन कार्मॅक यानं 1996 च्या अखेरीस त्याला जाहीर नकार दिला आणि क्वेक ओपनजीएलवर नेला. तो चालावा म्हणून थ्रीडीएफएक्स या ग्राफिक्स चिप कंपनीनं, खेळाला लागतील तेवढीच फंक्शन्स असलेला ‘मिनीजीएल’ ड्रायव्हर दिला. वर्कस्टेशनवरचं एपीआय घरच्या पीसीवर रुजलं, त्यात या एका खेळाचा मोठा वाटा आहे.

पुढची काही वर्षं मात्र मायक्रोसॉफ्टची. चुका मान्य करून, जुनं बेधडक टाकून ती नव्या आवृत्त्या काढत राहिली. डायरेक्टथ्रीडी ज्या संचाचा भाग आहे त्या डायरेक्टएक्सच्या आठव्या आवृत्तीत, 2000 सालीच, शेडर (ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्राम) आले. ओपनजीएलमध्ये तेव्हा एनव्हिडियाचं एक्स्टेन्शन वेगळं, एटीआयचं वेगळं. एकच परिणाम साधायला कोड दोनदा लिहावा लागे. सर्वमान्य शेडर भाषा ओपनजीएलच्या गाभ्यात यायला 2004 उजाडलं. मला यात खुलेपणाचा दोष दिसत नाही. एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी सामायिक मानकाआधी आपापल्या चिपचं वेगळेपण जपलं, आणि त्याची किंमत प्रोग्रामरनी मोजली. 2008 मध्ये तर मुळापासून फेरबांधणीची आशा दाखवून ओपनजीएलची 3.0 आवृत्ती जुन्याच सांगाड्यावर आली. तेव्हाचा संताप रास्त होता.

ओपनजीएलला तारलं ते फोननं. आयफोन आणि अँड्रॉइड, दोन्हीकडे ओपनजीएल ईएस हे त्याचं आटोपशीर रूप होतं. 2011 मध्ये वेबजीएलमुळे ते ब्राउझरमध्येही पोचलं. या बाजारात विंडोजचा हुकूम चालत नव्हता.

मग एएमडी या चिप कंपनीनं 2013 मध्ये मँटल हे नव्या धाटणीचं एपीआय आणलं: ड्रायव्हरनं आतल्या आत करायची कामं कमी, प्रोग्रामरच्या हाती नियंत्रण जास्त. ॲपलचं मेटल 2014 मध्ये आलं, डायरेक्टएक्स 12 त्याच्या पुढच्या वर्षी. मँटलच्या पायावर, ओपनजीएलचं मानक आता सांभाळणाऱ्या ख्रोनोस गटानं 2016 मध्ये व्हल्कन उभं केलं. मेमरी, सिंक्रोनायझेशन, सगळं स्वतः सांभाळायचं. पहिला त्रिकोण दिसेपर्यंत शेकडो ओळी होतात. पण व्हल्कनच्या अनुरूपता चाचण्यांचा कोड खुला आहे. ड्रायव्हर नियम पाळतो की नाही, हे कुणालाही तपासता येतं. नुसत्या खुल्या नियमपुस्तकापेक्षा मला हे कितीतरी मोलाचं वाटतं.

ॲपलनं व्हल्कन स्वीकारलं नाही आणि 2018 मध्ये ओपनजीएलही कालबाह्य ठरवलं. ॲपलच्या उपकरणांवर आज व्हल्कनचा कोड मोल्टनव्हीकेसारख्या मधल्या थरामार्फत मेटलवर चालवावा लागतो. 2018 मध्येच, स्टीम हे खेळांचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हनं, विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणलं. त्यातलं डीएक्सव्हीके डायरेक्टथ्रीडीच्या आज्ञांचं व्हल्कनमध्ये रूपांतर करतं. विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ आज लिनक्सवरच्या स्टीम डेकवर चालतात ते त्यामुळेच.