जुने यंत्र आणि नवी आज्ञा

चंदीगडच्या एका कार्यालयात मी निवृत्तिवेतनाची प्रकरणे पाहत असता, एके सकाळी आमचे कारकून घाबऱ्या घाबऱ्या आले. "साहेब, डेटाबेस उघडताच बंद पडतो. साऱ्या नोंदी गेल्या!" नोंदी गेल्या नव्हत्या. टेबलावरचा प्रोग्राम ही केवळ खिडकी. कोठार दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित असते. मग खिडकीच का कोसळावी?

प्रत्येक प्रोसेसरला ठराविक आज्ञाच कळतात. २०११ साली इंटेलच्या प्रोसेसरांत 'एव्हीएक्स' नावाच्या नव्या आज्ञा आल्या. त्या गृहीत धरून रचलेला प्रोग्राम २००९ च्या यंत्रावर चालविणे म्हणजे केवळ मोडी जाणणाऱ्या कारकुनापुढे फारसी कागद ठेवणे होय. पहिल्याच अनोळखी शब्दाशी काम थांबते. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये तेव्हा 'सी०००००१डी' हा संकेत उमटतो. त्याचा अर्थ, प्रोसेसरला अमान्य आज्ञा.

म्हणून प्रथम हा संकेत वाचावा. नंतर यंत्र ३२ बिटांचे की ६४ बिटांचे, ते पाहावे; ६४ बिटांचा प्रोग्राम ३२ बिटांच्या विंडोजवर चालतच नाही. शेवटी, यंत्राला झेपेल अशी त्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती बसवावी. मात्र हा तात्पुरता उपाय समजावा, कारण जुन्या आवृत्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत.

आम्ही तेच केले. सायंकाळपूर्वी एका वृद्ध विधवेच्या थकलेल्या निवृत्तिवेतनाच्या कागदावर सही झाली, आणि नव्या यंत्राची मागणीही त्याच टपालाने गेली.