लिनक्स शिकायचंय? जाडजूड पुस्तक घेण्याआधी हे वाचा

चाकण किंवा भोसरीच्या एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या अनेक तरुणांचं लक्ष हिंजवडीकडे असतं. सर्व्हर सांभाळण्याच्या नोकरीसाठी लिनक्स यावं लागतं, एवढं त्यांना कळलेलं असतं. मग सुट्टीच्या दिवशी पुण्यातला आप्पा बळवंत चौक गाठून एक जाडजूड पुस्तक आणलं जातं. दोन महिन्यांनी ते तिसाव्या पानावरच अडकलेलं असतं आणि वाटू लागतं, हे आपल्याला जमणार नाही.

बऱ्याचदा चूक वाचणाऱ्याची नसते, पुस्तकाच्या निवडीची असते. ऑपरेटिंग सिस्टीमची पुस्तकं साधारण तीन प्रकारची असतात.

१. सिद्धांताची पुस्तकं

सीएनसी मशीनची रचना समजणं वेगळं आणि त्यावर जॉब लावणं वेगळं. ही पुस्तकं रचना समजावतात : प्रोसेसर कोणत्या प्रोग्रॅमला आधी मिळतो, मेमरी कशी वाटली जाते वगैरे. सिल्बरशाट्झ आणि गॅल्विन यांचं 'डायनोसॉर बुक' याच प्रकारातलं. 'मुसाफिर'कार अच्युत गोडबोले यांचं 'ऑपरेटिंग सिस्टिम्स' हे इंग्रजी पाठ्यपुस्तकही त्यातलंच. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना ती हवीतच, पण ती वाचून सर्व्हर चालवता येत नाही.

२. वापर शिकवणारी पुस्तकं

नवशिक्यानं सुरुवात इथून करावी. विल्यम शॉट्स यांचं 'द लिनक्स कमांड लाइन' सोप्या इंग्रजीत आहे आणि त्याची पीडीएफ लेखकानंच मोफत दिली आहे. सुमिताभ दास यांचं 'युनिक्स : कन्सेप्ट्स अँड अॅप्लिकेशन्स' आणि नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग' हीसुद्धा ओळखीची नावं.

३. परीक्षेची पुस्तकं

रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात, चालू सिस्टीमवर कामं करून दाखवावी लागतात. त्यामुळे नुसती प्रश्नोत्तरं पाठ करून भागत नाही. हात बसल्यावरच ही पुस्तकं घ्यावीत.

जुनं पुस्तक घेताना

सेकंडहँड पुस्तक स्वस्त पडतं, पण त्याचं छपाईचं वर्ष आधी बघावं. रेड हॅटनं २०१४ मध्ये सातव्या आवृत्तीत सर्व्हिस सुरू-बंद करण्याची पद्धत बदलली. २०१९ च्या आठव्या आवृत्तीत सॉफ्टवेअर टाकण्यासाठी 'यम'च्या जागी 'डीएनएफ' आलं. त्यामुळे अॅडमिनच्या कामासाठी जुनं पुस्तक नको. फाइल, परवानग्या आणि शेल या मूळ गोष्टी मात्र फारशा बदललेल्या नाहीत. तेवढ्यासाठी जुनं पुस्तकही चालतं.

मग सिद्धांत वाया जातो का?

अजिबात नाही. अँड्र्यू टॅनेनबॉम यांचं ऑपरेटिंग सिस्टीमवरचं पुस्तक १९८७ मध्ये आलं. ते फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं वाचलं आणि १९९१ मध्ये त्यानं लिनक्स जगासमोर आणलं. पण ते पुस्तक हाती येण्याआधी तो कित्येक वर्षं प्रोग्रॅमिंग करत होता.

म्हणजे क्रम असा : आधी वापर, मग परीक्षा आणि शेवटी सिद्धांत. दुकानात पुस्तक चाळताना दुसरा धडा उघडून बघावा. घरी गेल्यावर त्यातलं काही आजच टाइप करून बघता येईल असं वाटलं, तर सुरुवातीला तेच घ्यावं.