संदेष्ट्यांच्या वाणींतील जलराक्षस

अकोल्याच्या जठारपेठेपासून समुद्र फार दूर. मोर्णेचें पाणी पूर्णेला, पूर्णेचें तापीला आणि तापीचें अरबी समुद्राला मिळतें, एवढाच काय तो संबंध. बायबलांतील संदेष्टे ज्या यहुदी लोकांत जन्मले, तेहि मुख्यतः डोंगराळ मुलखांतले, शेतीवर व मेंढरांवर जगणारे, दर्यावर्दी नव्हेत. तरीहि त्यांच्या वाणींत समुद्रांतील अक्राळविक्राळ प्राणी वारंवार डोकें वर काढतात. पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं ज्या ग्रंथाच्या मराठी भाषांतरांत आयुष्याचीं अखेरचीं वर्षें वेचलीं, त्यांतील हें कोडें समजून घेण्यासारखें आहे.

समुद्र म्हणजे सृष्टीपूर्व अंदाधुंदी, ही कल्पना पश्चिम आशियांत फार जुनी. सीरियाच्या किनाऱ्यावरील रास शम्रा येथें १९२९ पासून सांपडलेल्या मातीच्या पाट्यांवर सात डोक्यांच्या लोतान नामक सर्पाच्या वधाचा उल्लेख आहे. हिब्रू ग्रंथांतील लिव्याथान तो याच कुळांतला. मराठी वाचकास येथें वृत्राला मारून पाणी मोकळें करणारा इंद्र आठवेल.

संदेष्ट्यांनीं मात्र या राक्षसाला पाण्यांतून काढून सिंहासनावर बसविलें. यशयाच्या ग्रंथांत राहाब हें जलराक्षसाचें नांव मिसर देशाला लावलें आहे. नदी आपणच निर्माण केली अशी घमेंड मारणारा फारो हा यहेज्केलाच्या लेखीं नाईलमध्यें लोळणारा नक्र होय. दानीएलाच्या स्वप्नांत समुद्रांतून चार श्वापदें निघतात. त्या चार राजसत्ता, असा उलगडा तेथेंच केलेला आहे. अंतियोख राजानें ख्रिस्तपूर्व १६७ मध्यें यरुशलेमचें मंदिर भ्रष्ट केलें. त्या छळाच्या सुमारास हे दृष्टान्त सिद्ध झाले, असें बहुतेक अभ्यासक मानतात.

सैन्य नसलेल्या प्रजेला जुलमी राजाचें नांव उघड घेणें धोक्याचें असतें. रूपकानें तें घेतां येतें. शिवाय राक्षसाला मरण आहे, हेंहि सुचवितां येतें. स्तोत्रकर्ता तर लिव्याथानाला ईश्वरानें समुद्रांत खेळण्यासाठीं घडविलेला प्राणी म्हणतो. सत्ता कितीहि प्रचंड दिसो, ती निर्मित आहे, मर्यादित आहे, हें या प्रतीकाचें मर्म.

पुढें अनेकांनीं या श्वापदांत आपापले शत्रु पाहिले आणि जगाच्या अंताच्या तिथी काढल्या. त्या तिथी टळल्या. मर्म तेवढें राहिलें. म्हणूनच प्रकटीकरणाच्या अखेरीस येणाऱ्या नव्या सृष्टींत समुद्रच नसतो. राक्षसाला पुन्हा वर येण्यास जागा उरूं नये, हा त्याचा अर्थ.